सोडून देणारा स्नायू

लातूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, एवढं सगळ्यांना कळतं. त्याशिवाय मी जे दुसरं काम करते, ते मात्र शेजारणीपासून प्राचार्यांपर्यंत कुणालाच एका दमात सांगता येत नाही. मी अळ्यांच्या स्नायूंची नाती लावते.

देशोदेशीच्या माणसांचा आमचा एक गट आहे. कीटकांच्या शरीरात जेवढे म्हणून भाग आहेत, त्या प्रत्येकाला एक नाव, एक क्रमांक आणि दोन-तीन ओळींची व्याख्या द्यायची. मग त्याचं नातं सांगायचं. हा कशाचा प्रकार आहे आणि हा कशाचा भाग आहे, अशी ती दोन मुख्य नाती. या सगळ्या पसाऱ्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्दकोश माणसानं वाचायचा असतो, ऑन्टॉलॉजी संगणकालाही वाचता येते. अमका हा तमक्याचा प्रकार, तमका हा फलाण्याचा भाग, असं एकदा लिहून ठेवलं की पुढचं संगणक आपलं आपण ताडतो. आपण चूक लिहिलं तर तो चूकच ताडतो, आणि तेही बेधडक.

वाटणीच्या वेळी माझ्याकडे अळ्यांचे स्नायू आले, कारण ते उरले होते. पंख, डोळे, मिशा, तोंडाचे भाग यांना पटापट धनी मिळाले. अळी कुणालाच नको होती. काही अळ्यांच्या अंगात माणसापेक्षा जास्त स्नायू असतात, आणि बरेचसे एकसारखे दिसणारे, एकावर एक थर दिल्यासारखे. मी म्हणाले, मी करते. बैठक ऑनलाइन होती आणि मी लातूरला घरच्या टेबलाशी बसले होते, म्हणून हात वर करायचं बटण दाबलं, एवढंच.

स्नायूंची भीती मला कधीच वाटली नाही, याचं श्रेय आमच्या आबांना. माझे वडील उमरीच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. डॉक्टर बदलून जायचे, आबा तिथंच. नवीन डॉक्टर आला की पहिले सहा महिने आबाच त्याला शिकवायचे, पण शिकवतोय असं न दाखवता. "साहेब, सुई इथं देऊ का?" असं विचारत बोट बरोबर जागेवर ठेवायचे. शाळा सुटली की मी दवाखान्यात जायची. बैल खोड्यात उभा असला की आबा माझा हात धरून त्याच्या अंगावरून फिरवायचे. हा फऱ्याचा, हा मानेचा, हा मांडीचा. हा ताठ झाला की पाय पुढं येतो, हा ताठ झाला की मागं. बैलाच्या कातडीखालचं हलणं माझ्या तळव्याला कळायचं. पुढे नांदेडला एमएस्सी करताना परीक्षकांनी स्नायूंबद्दल विचारलं की मला आधी तळवा आठवायचा, मग पुस्तक.

हे नवीन काम मिळालं तेव्हा मी उमरीला गेले होते. आबांना समजावून सांगत होते की प्रत्येक स्नायू कुठल्या प्रकारात बसतो ते ठरवायचं असतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे अळ्याईला जात लावून राहिलीस का तू?"

माय आतून म्हणाली, "काय बी बोलतेत."

पण आबा चेष्टा करत नव्हते. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला. आबांच्या वडिलांनी. जात विचारणाऱ्याला आबा काय उत्तर द्यायचे ते मी लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हणाले, "जात न्हाई आबा. प्रकार."

"लावताना बघतेत काय? कूळ बघतेत का काम बघतेत?"

खरं सांगायचं तर आमच्या गटातही त्यावर नीट उत्तर नव्हतं. म्हणाले, "जागा बघतो. कुठून निघतो, कुठं चिकटतो. मग काम."

"हाव, मग ठीक हाय," आबा म्हणाले आणि चहा प्यायले.

पहिल्या वर्षात मी बरेच स्नायू मार्गी लावले. पाठीचे, पोटाचे, बाजूचे. उभे, आडवे, तिरपे. व्याख्या लिहायची, संदर्भ द्यायचा, मंगळवारी संध्याकाळी गटाच्या बैठकीत मांडायची, कुणाची हरकत नसली की ती पक्की व्हायची. अळीच्या मागच्या पायांचा एक स्नायू असाच पक्का झाला होता. अळीला पुढे छातीपाशी सहा पाय असतात, सांधे असलेले. मागे पोटाखाली मऊ, जाड, बोंडासारखे आणखी दहा. या मागच्या बोंडांच्या तळव्याला बारीक, गळासारख्या वाकड्या आकड्यांची रांग असते. तळव्याच्या मध्यापासून एक स्नायू निघून वर अंगाच्या बाजूच्या भिंतीला चिकटतो. मी एका जुन्या जाडजूड पुस्तकातून लिहिलं होतं: हा पायाचा स्नायू, तो आखडला की अळी फांदी धरते. कुणी हरकत घेतली नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमच्या कॉलेजात रेशीम शेतकऱ्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. औसा तालुक्यातून बरेच जण आले होते. तुतीचा पाला, शेडमधली हवा, रोग, यावर बोलायला बाहेरचे पाहुणे होते. अळीच्या शरीराची ओळख करून द्यायला विभागातर्फे मी. पडद्यावर अळीचं मोठं चित्र लावलं. पाय दाखवले. म्हणाले, "अळीला पायांच्या एकूण आठ जोड्या असतात. मागच्या पायांतला स्नायू आखडला की पकड घट्ट होते, आणि अळी फांदीला धरून राहते."

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठून उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हिरवं लुगडं, हातात प्रशिक्षणाची फाईल गुंडाळून धरलेली.

"मॅडम, ते पाय न्हाईत," त्या म्हणाल्या. "पाय पुढचे. मागं हायत ते चिमटे हायत. आन् ती धरायला जोर लावत न्हाई, सोडायला लावती."

सभागृहात थोडी खसखस पिकली. मी हसून म्हणाले, "काकू, पुस्तकात असं दिलेलं आहे."

"पुस्तकवाल्यानं अळ्या पाळल्या व्हत्या का?"

आता सगळेच हसले. पहिल्या रांगेतले पाहुणेसुद्धा. मी "चर्चा नंतर करू" असं म्हणून पुढचं चित्र लावलं, आणि पुढची वीस मिनिटं काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मनात एकच चालू होतं: हेच वाक्य मी तिकडे लिहून पक्कं करून बसलेय.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शोधलं. त्या झाडाखाली डबा उघडून बसल्या होत्या. मी शेजारी बसले तशा म्हणाल्या, "राग आला का मॅडम? माझं तोंडच असंय."

"राग नाही आला काकू. पण तुम्हाला कसं माहीत ते सांगा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "रोग पडला की अळी मरती. मेलेली अळी फांदीलाच लटकलेली ऱ्हाती, खाली मुंडकं करून. दोन-दोन दिवस. आता मला सांगा, मेल्यावर ती कशानं जोर लावायली?"

एमएस्सी, सेट, एवढी वर्षं शिकवणं, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पुढच्या रविवारी मी औशाची बस धरली. काकूंचं गाव औशापासून आणखी आत. रस्त्यापर्यंत घ्यायला त्या स्वतःच आल्या. शेड तुतीच्या वावराला लागून, हिरव्या जाळीनं झाकलेली. आत जाताना, बाहेरचा रोग नको म्हणून, चुन्यात पाय बुडवायला लावले. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या रॅकवर पसरलेल्या होत्या, बोटाएवढ्या, दुधी रंगाच्या, आणि त्यांच्या पाला खाण्याचा आवाज शेडभर भरून राहिला होता. काकूंनी एक फांदी उचलून माझ्यापुढे धरली.

"ही वढून काढा बघू."

मी दोन बोटांत अळी धरून हलकेच ओढली. सुटेना. आणखी थोडी ओढली तर तिचं अंग ताणलं गेलं.

"आता बास. फाटंल ती. आमच्याकडं नवीन बाई कामाला आली की पहिलं हेच शिकवते मी, वढायचं न्हाई." काकूंनी करंगळीनं अळीच्या मागच्या टोकाला नुसता स्पर्श केला. अळीनं एकेक बोंड आत ओढून घेतलं, तळवा उचलला, आणि पुढे सरकली. मी वाकून अगदी जवळून पाहिलं. बोंड आत खेचलं जात होतं तेव्हाच आकडे सुटत होते. म्हणजे स्नायू आखडायचा तो सोडण्यासाठी. पकड आकड्यांची आपली आपण बसलेली, तिला काही खर्चच नव्हता.

"परत करा काकू," मी म्हणाले.

त्यांनी सात-आठ अळ्यांवर करून दाखवलं. मी मोबाईलवर सगळं टिपलं. निघताना मी कापून बघायला काही अळ्या मागितल्या, तर काकूंनी साफ सांगितलं, "चांगल्या देणार न्हाई. मागं ऱ्हायलेल्या घ्या. त्यांचा कोष काय धड व्हायचा न्हाई." आणि छिद्रं पाडलेल्या खोक्यात पाला घालून मोजक्या अळ्या माझ्या हातात दिल्या.

लातूरला परतल्यावर मी तीन आठवडे त्याच एका स्नायूवर काढले. पहिला प्रयोग अगदी साधा होता. अळी बसलेली तुतीची काडी बर्फाच्या डब्यात आडवी अडकवली. गारठ्यानं अळी बधिर झाली, हलवली तरी हलेना, स्नायूंतला सगळा ताण गेला. काडी उलटी केली. अळी लोंबकळत राहिली, मागच्या बोंडांच्या आकड्यांवर. ऊब लागल्यावर ती जागी झाली, बोंड आत ओढलं आणि सुटली. रेशमाची अळी पिढ्यान्‌पिढ्या माणसानं पाळलेली, तिची पकड कमजोर असते म्हणतात. म्हणून मग घरमालकिणीच्या अंगणातल्या कढीपत्त्यावरची अळी आणली, रस्त्याकडेच्या रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची आणली. त्याही तशाच लटकल्या. घरमालकीण म्हणाली, "फ्रीजमध्ये भाजीशेजारी अळ्या ठेवता म्हणं तुम्ही?" मी म्हणाले, वेगळ्या डब्यात ठेवते.

दुसरं काम अवघड होतं. स्नायू नेमका कुठून कुठे जातो हे फोटोत दिसायला पाहिजे होतं. अळी पाठीवरून चिरून, मेणाच्या तबकात टाचण्या लावून उघडली, आतडं आणि रेशमाच्या ग्रंथी बाजूला केल्या, की आतून स्नायूंच्या पट्ट्या दिसतात. पण पांढऱ्यावर पांढरं. आमच्या विभागात त्यासाठीचं महागडं सूक्ष्मदर्शक नाही. मात्र स्नायूंवर विशिष्ट तऱ्हेचा प्रकाश टाकला की ते चमकतात, हे मला ठाऊक होतं. मी गंजगोलाईजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. स्क्रीनमध्ये एकाच दिशेचा प्रकाश पार जाऊ देणारा काळसर पोलरायझर पेपर असतो, तो मागितला. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या मॉडेलला टाकायचा?"

"अळीला," मी म्हणाले.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन तुकडे कापून दिले. उघडलेली अळी काचेवर घेतली, एक तुकडा तिच्या खालच्या दिव्यावर ठेवला, दुसरा वर भिंगाखाली, आणि वरचा हळूहळू फिरवत गेले. एका कोनात आलं तसं मागचं सगळं काळं झालं आणि त्या काळ्यावर स्नायू उजळून निघाले. चांदीच्या तारा पसरल्यासारखे. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. मी मोठ्यानं "आई गं" म्हणाले आणि आधी बराच वेळ नुसती बघत बसले, फोटो नंतर काढला. आमचा तो स्नायू अगदी स्पष्ट होता: तळव्याच्या मध्यातून निघून, तिरपा वर जाऊन, बाजूच्या भिंतीला. दोन्ही टोकं पोटाच्या खंडातली. छातीच्या पायांच्या स्नायूंशी त्याचा कुठंही संबंध नव्हता.

मंगळवारच्या बैठकीत मी पहिलं वाक्य बोलले ते हे: "मी पक्की करून घेतलेली एक व्याख्या चुकीची आहे, आणि चूक माझी आहे." हे वाक्य मी इंग्रजीत चार वेळा पाठ केलं होतं. मग बर्फातली अळी दाखवली, काकूंच्या करंगळीचं चित्रीकरण दाखवलं, चमकणारे स्नायू दाखवले. कामाची ओळ बदलायला कुणाची हरकत नव्हती. शोधल्यावर असंही निघालं की दुसऱ्या एका अळीवर हे कुणीतरी आधीच दाखवून ठेवलंय. माझ्या जुन्या पुस्तकापर्यंत ते पोचलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट धीर आला.

खरा वाद पेटला तो नात्यावर. मी म्हणाले, हा स्नायू 'पायाचा स्नायू' या प्रकाराखालून काढावा आणि 'पोटाच्या भिंतीचा स्नायू' याखाली ठेवावा. आमच्या गटात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, कीटकांच्या उत्क्रांतीवर आयुष्य घालवलेले. त्यांना ते मान्य नव्हतं. शांतपणे म्हणाले, "फार पूर्वीच्या पूर्वजांना पोटालाही पाय होते. अळीची ही बोंडं त्याच पायांचे अवशेष असणं शक्य आहे. कुळानं ते पायच आहेत."

कूळ म्हटल्याबरोबर मला उमरीचं घर आठवलं. मी म्हणाले, "सर, तुमचं कदाचित बरोबरही असेल. पण त्यावर तुमच्या क्षेत्रातच एकमत नाही. स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, काय करतो, हे मात्र कुणीही उघडून बघू शकतं. व्याख्येत जे दिसतं तेच लिहावं. कुळाची गोष्ट टिपेत लिहू, शंका म्हणून."

ते म्हणाले, "हा नुसता शब्दांचा प्रश्न आहे."

मी म्हणाले, "एक मिनिट," आणि माझा पडदा सगळ्यांना दाखवला. संगणकाला प्रश्न टाकला: कोणकोणत्या कीटकांना पोटावर पाय असतात? आम्हीच लिहिलेल्या नात्यांवरून, अळी म्हणजे फुलपाखराचंच बाळ असं धरून, त्यानं क्षणात उत्तर दिलं आणि जगातल्या झाडून सगळ्या फुलपाखरांची नावं ओतली. ती यादी खाली खाली पळतच राहिली. कुणीतरी हसलं. मग प्राध्यापकही हसले, चष्मा काढून डोळे पुसत. म्हणाले, "ठीक. माझी शंका टिपेत लिहा, पण नीट लिहा."

"तुम्हीच लिहून द्या सर," मी म्हणाले, आणि त्यांनी ती खरोखर फार सुंदर लिहून दिली.

शेवटी गटप्रमुख बाईंनी विचारलं, "कामाच्या ओळीला पहिला संदर्भ कशाचा द्यायचा? त्या जुन्या प्रयोगाचा?"

त्याचा तर द्यायचाच होता. पण मी म्हणाले, "मला हे त्या शेतकरी बाईंनी सांगितलं. त्यांच्याशिवाय मी ते शोधलंही नसतं." मला वाटलं, आता नियम सांगतील. पण गटप्रमुख म्हणाल्या, "प्रत्यक्ष निरीक्षण म्हणून नोंदवता येतं. त्यांची परवानगी घे, आणि नाव कसं लिहायचं ते विचार."

मी फोन केला तेव्हा काकू शेडमध्ये होत्या. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव कशाला? मी काय नवीन सांगितलं का? आमच्याकडं सगळ्या बायांना म्हाईत हाय."

"मग सगळ्यांचं लिहू का?"

जरा विचार करून म्हणाल्या, "न्हाई. माझंच लिहा. उठून मी उभी ऱ्हायले व्हते."

ती नोंद आता प्रसिद्ध झाली आहे. त्या स्नायूच्या क्रमांकावर गेलं की व्याख्या दिसते, नातं दिसतं, प्राध्यापकांची शंका दिसते. संदर्भात काकूंचं पूर्ण नाव, 'रेशीम उत्पादक, औसा तालुका' असं दिसतं, त्याखाली माझं. इथे मी नाव देत नाही, ते तिथे आहे. इतर भाषांतल्या नावांसाठी एक रकाना असतो, बहुतेक नोंदींत तो रिकामाच. मी त्यात देवनागरीत लिहिलं: तळवा-मोचक स्नायू. आणि पर्यायी नाव म्हणून त्याच्यापुढे: चिमटा सोडणारा. जगातल्या कुठल्याही संगणकावर ती नोंद उघडली की ती दोन नावं मराठीत दिसतात. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पान परत परत उघडून पाहत होते, की पुसली तर गेली नाहीत ना.

त्यानंतर गटानं अळ्यांच्या स्नायूंचा सगळा विभाग माझ्याकडे सोपवला. आता कुणी काही लिहिलं की मंजुरीसाठी ते माझ्याकडे येतं. मीही पहिला प्रश्न काकूंचाच विचारते: तुम्ही ही अळी जिवंत पाहिली आहे का?

यंदा नांदेडला, मी जिथे शिकले त्याच विभागात, मला या कामावर बोलायला बोलावलं. मी आबांना कळवलं, आणि काकूंनाही. काकू लातूरहून माझ्याबरोबरच आल्या, त्याच फाईलसह. आबा उमरीहून सकाळच्या गाडीनं आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि माझ्या आधी सभागृहात जाऊन पहिल्या रांगेत बसले होते. शिपायानं ती रांग राखीव आहे म्हणून सांगितलं होतं म्हणे. आबा म्हणाले होते, "माझ्यासाठीच हाय."

मी मराठीत बोलले. विभागात कुजबुज झाली, पण विद्यार्थी पुढे सरकून बसले. बर्फातली अळी लोंबकळताना दाखवली तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली. बोलणं संपल्यावर एका तरुण प्राध्यापकानं विचारलं, "मॅडम, सगळं छान आहे, पण याचा उपयोग काय?"

मी सांगितलं. पिकावरची अळी धरून कशी राहते हे कीडतज्ज्ञाला नीट कळायला हवं. खर्च न करता धरून ठेवणारी पकड यंत्रमानवासाठी बनवू पाहणारे लोक आहेत, ते अशी नोंद शोधत येतात. मग म्हणाले, "आणि उपयोग नसता तरी दुरुस्त केलंच असतं. मी चूक लिहिलं होतं ना."

टाळ्या वाजल्या. आबा वाजवत नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होते, बैलाच्या अंगावरून हात फिरवताना बघायचे तसे, सगळं जागच्या जागी आहे ना ते तपासत. मग शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणाले, "माझी लेक हाय."

त्यांच्या पलीकडून काकूंनी मान पुढे काढली. "आन् स्नायू माझा हाय."

चहाच्या वेळी विद्यार्थिनींचा घोळका काकूंभोवती जमला होता, माझ्याभोवती नव्हे. काकू त्यांना करंगळीनं हवेत दाखवत होत्या, कुठं हात लावायचा आणि किती. आबा माझ्यापाशी आले. म्हणाले, "तो निळा सदरा घातलेला मास्तर विचारून राहिला व्हता, कूळ बघतेत का काम."

"मग?"

"मी सांगितलं त्याला, जागा बघतेत. मग काम." आणि बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बरोबर सांगितलं न्हवं?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

काकूंना शेडकडे परतायची घाई होती, अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या. आम्ही आबांना स्टेशनवर सोडलं आणि लातूरची बस पकडली. लोह्याच्या पुढे गेल्यावर काकूंनी विचारलं, "मॅडम, पुढच्या सहा पायांचं काय? ते झाले का लिहून?" मी म्हणाले, अर्धे झालेत. "मग अळी कात टाकायला बसती तव्हा या," त्या म्हणाल्या. "तव्हा ती पुढचे पाय कसे उचलून धरती ते बघा. पुस्तकात नसंल." मी पर्समधून वही काढली आणि अहमदपूर येईपर्यंत त्या सांगत गेल्या तसं लिहीत राहिले.